चावीचं झाड

आमच्या सरांना विक्षिप्त म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणजे ते विक्षिप्त नव्हते असं नाही. भर उन्हात सायकल थांबवून निर्मळ गावच्या केळीवाल्याला 'केळं हा शब्द कुठून आला?' असं विचारणारा माणूस चारचौघांसारखा नसतोच. पण आमच्या शाळेत 'विक्षिप्त' हा शब्द ज्या सुरात म्हटला जायचा, त्याचा अर्थ एवढाच होता की यांचं ऐकून घ्यायची गरज नाही. त्यांचं ऐकून घेतलं असतं तर एका मुलीचं शाळेतलं बोलणं दोन वर्षं बंद राहिलं नसतं. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि शांतपणे लिहिता येईल असं काही वाटत नाही.

मी मूळची रत्नागिरीकडची. लग्नानंतर वसईला आले आणि या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये हाडांच्या सापळ्याचा तक्ता रंगवत बसले होते. एक उंच, वाकलेले, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेले गृहस्थ येऊन मागे उभे राहिले. हे इंग्रजी शिकवायचे, शाळेचे पर्यवेक्षक होते, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी तक्त्यावर गळ्यापाशी बोट ठेवलं.

"बाई, हे काय?"

"क्लॅव्हिकल, सर. गळ्याखालचं आडवं हाड."

"हे नाव का पडलं?"

"पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तकात तसंच दिलंय," त्यांनी माझंच वाक्य असं उच्चारलं की मी शिवी दिली आहे असं मला वाटावं. मग खुर्ची ओढून समोर बसले. "क्लाविस म्हणजे लॅटिनमध्ये चावी. क्लाविकुला म्हणजे छोटी चावी. देवानं तुमच्या गळ्यात दोन चाव्या घालून तुम्हाला पाठवलं, आणि तुम्ही मुलांना सांगणार, पुस्तकात तसंच दिलंय?"

त्यानंतर घंटा होईपर्यंत मी क्लाविसची सगळी लेकरं ऐकली. इटलीत तिची कियावे झाली. फ्रान्सात क्ले. स्पेनमध्ये यावे. रोमानियात केये. पोर्तुगालमध्ये चावे. भाषेगणिक ते एक बोट उघडत गेले. पोर्तुगीज चावे आली तेव्हा अंगठाही उघडला आणि हाताचा पंजा माझ्यासमोर धरून म्हणाले, "आणि ही जहाजात बसून आमच्या वसईला आली. तिच्या माहेरच्यांनी इथं दोनशे वर्षं राज्य केलं. ते गेले, ही राहिली. चावी."

हे लॅटिन त्यांना सेमिनरीत मिळालं होतं. तरुणपणी ते फादर व्हायला गेले होते आणि मध्येच परत आले. का आले, याच्या गावात दोन-तीन कथा होत्या, त्यांतल्या एकीत एक मुलगी होती. सर स्वतः सांगायचे, "तिथं लॅटिन कमी होत गेलं, तसा मीही कमी होत गेलो." लग्न केलं नाही. विधवा बहिणीबरोबर राहायचे. बहीण त्यांच्यावर सतत चिडलेली असायची, कारण चावीचा एवढा सोस असलेला हा माणूस घराला कधी कुलूप लावत नसे. ती म्हणायची, "कोणी घुसलं तर?" हे म्हणायचे, "काय नेईल? शब्दकोश नेईल. नेला तर वाचेल तरी."

नवा पोप निवडायची वेळ आली की ते घरोघर सायकलवर जाऊन सांगत, "कॉन्क्लेव्ह म्हणजे काय ठाऊक आहे? चावीसकट. आत कोंडून बाहेरून चावी फिरवायची, तो कॉन्क्लेव्ह." लोक हो हो म्हणत आणि टीव्हीकडे वळत. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात ते उभे असले की फादरसुद्धा दुसऱ्या दारानं निघत, कारण प्रवचनातल्या एखाद्या शब्दाचं मूळ त्यांना विचारलं जाणार हे नक्की असायचं.

लोकांना वाटायचं, यांना पोर्तुगिजांचं कौतुक आहे. त्या एका दिवशी मी त्यांच्यासोबत नसते तर मलाही तसंच वाटलं असतं. पोर्तुगालहून एक वयस्कर जोडपं किल्ला बघायला आलं होतं. चर्चमधल्या कुणीतरी सरांना भाषेसाठी बोलावलं आणि सरांनी मला बरोबर घेतलं, "बघायला चला, बाई, क्लाविसचे नातेवाईक आलेत." किल्ल्यात फिरताना सरांनी त्यांना मराठीत राहिलेले शब्द सांगितले. चावी, पाव, बादली, बटाटा. त्या बाईंचे डोळे भरून आले. त्या काहीतरी म्हणाल्या आणि सरांचा चेहरा एकदम बदलला. मी विचारलं, काय म्हणाल्या? सर म्हणाले, "म्हणतात, आम्ही दिलेलं तुम्ही किती प्रेमानं जपून ठेवलंत."

मग ते तिथंच, पडक्या भिंतीच्या सावलीत, तुटक पोर्तुगीजमध्ये बराच वेळ बोलले. जाताना त्यांनी मला त्याचा सारांश सांगितला. "मी म्हटलं, तुम्ही काही दिलं नाही. तुम्ही इथं आलात, कुलपं घातलीत, त्यांच्या चाव्या कमरेला लावून हिंडलात. आमच्या माणसांनी तुमचं बघून शब्द उचलला. आणि तुम्ही तोही नीट ठेवला नाहीत. तुमच्या राजधानीत आता 'शाव' म्हणतात. जुना 'च' तुमच्या तोंडातून गेला. आमच्या अर्नाळ्याच्या कोळणीच्या तोंडात तो अजून आहे. तेव्हा जपलं हे खरं, पण तुमच्यासाठी नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"विचारलं, तुम्ही शिक्षक आहात का."

असा हा माणूस. राज्य करणाऱ्यांची भलावण त्यांनी कधी केली नाही. आणि त्यांच्यावरच पुढं 'गुलामीचं प्रेम' असल्याचा आरोप झाला.

झालं असं की संस्थेला नवे कार्यवाह मिळाले. शाळेच्या दारात त्यांनी एक फळा लावून घेतला: 'परकीय शब्द टाळा'. दर सोमवारी त्यावर एक शब्द लिहायचा, त्यावर फुली मारायची आणि शेजारी शुद्ध शब्द द्यायचा. एका सोमवारी त्यावर 'चावी' आली. फुली मारलेली. शेजारी 'किल्ली', बरोबरची खूण करून.

आठवीत ग्लोरिया नावाची मुलगी होती. अर्नाळ्याची, मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातली. खणखणीत आवाजाची, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. त्या दिवशी तिनं बाईंकडे प्रयोगशाळेची चावी मागितली. म्हणजे माझ्याकडेच. मागून दोन-तीन जण हसले. एक जण म्हणाला, "परकीय शब्द टाळा." दुसरा म्हणाला, "अरे, ती स्वतःच परकीय आहे. तिच्यावरच फुली मार." मी त्यांना वर्गाबाहेर काढलं, ओरडले, पण ते वाक्य पसरायचं ते पसरलंच. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिच्या पाठीवर खडूनं फुली काढली. तिला ते घरी गेल्यावर आईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला नाही. तिसऱ्या दिवशी हजेरीला 'हजर' म्हणाली तेही ओठांतल्या ओठांत. तिचे वडील शाळेत आले. होडीवरून थेट आले असावेत, पायांना वाळू होती. कार्यालयातल्या क्लार्कनं त्यांना सांगितलं, "मुलांची थट्टा असते, एवढं मनावर घेऊ नका." कार्यवाह आत होते. ते बाहेर आले नाहीत.

सरांना हे कळलं तेव्हा मी शेजारी होते. ते उठून दाराकडे गेले, फळा पुसला आणि त्यावर एक झाड काढलं. बुंध्यावर क्लाविस. एकेका फांदीवर कियावे, क्ले, यावे, केये, चावे. त्या चावेच्या फांदीतून फुटलेली एक लांब फांदी, फळ्याच्या पार टोकापर्यंत, आणि तिच्यावर ठळक अक्षरात चावी. मुलं भोवती जमली. सरांनी ग्लोरियाला पुढं बोलावलं नाही, तिचं नावही घेतलं नाही. फक्त म्हणाले, "ज्यानं फुली मारली त्यानं यातल्या कुठल्या फांदीवर मारायची ते ठरवून यावं." काही मुलांनी मोबाइलवर फोटो काढले. मोबाइल शाळेत आणायला बंदी होती, त्या दिवशी सरांना ते दिसलं नाही.

सभा बोलावली गेली. कार्यवाह म्हणाले, "सर, तुमचा किल्ली या शब्दाला विरोध का?"

"किल्लीशी माझं भांडण नाही," सर म्हणाले. "किल्ली खिळ्याच्या घरातली असं म्हणतात. लॅटिनमध्येसुद्धा खिळा क्लावुस आणि चावी क्लाविस, दोघं एकाच घरातले. तुम्ही किल्ली म्हणा, मी आनंदानं ऐकीन. आणि ती उघडते त्या कुलपाचं काय करणार? ते अरबीतून आलंय."

कुणीतरी हसलं. कार्यवाहांना ते लागलं.

"विषय शब्दाचा नाही. शिस्तीचा आहे."

"विषय एका मुलीचा आहे," सर म्हणाले. "शब्द काढायचा तर काढा. तो कुठं जात नाही, उद्या बाजारात परत भेटेल. मुलीला काढू नका. तिच्या पाठीवर फुली मारली कुणी? मुलांनी. पण मुलांना फुली शिकवली कुणी?"

कार्यवाह म्हणाले, "तुम्हाला गुलामीच्या खुणांचं एवढं प्रेम का आहे ते आम्हाला समजतं." आणि 'आम्हाला समजतं' म्हणताना त्यांनी सरांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी ते बघितलं. मी उभी राहून म्हटलं की हे बोलणं मागे घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

पुढच्या महिन्यात सरांचं पर्यवेक्षकपद गेलं. कारण दिलं गेलं, 'प्रकृती'. त्या वर्षी त्यांना सर्दीसुद्धा झाली नव्हती. त्यांना ग्रंथालयात बसवलं आणि इंग्रजीचे तास एका नव्या शिक्षकाला दिले. ग्लोरियाच्या वडिलांनी वर्ष संपताच तिला दुसऱ्या शाळेत घातलं. सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाचं आमंत्रण त्यांनी घेतलं, वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून परत पाठवलं आणि समारंभाला आले नाहीत. तेही मग विक्षिप्तपणात जमा झालं.

त्यानंतरची बरीच वर्षं ते घराच्या ओटीवर इटालियन शिकवत होते. वसईच्या कितीतरी मुली नर्सिंग करून बाहेर जातात. इटलीला निघालेल्या मुली त्यांच्याकडे यायच्या. पहिला शब्द कुठला शिकवत असतील हे वेगळं सांगायला नको. "औषधांच्या कपाटाला लावायची ती कियावे, आणि पेशंट पडला तर मोडतं ते हाड क्लाविकोला. एका आईच्या." मी कधीमधी जायचे. ते मुलींवर ओरडायचे आणि मुली हसायच्या.

शाळेत मी अजून होते, म्हणून पुढचं मला डोळ्यांनी बघावं लागलं. जमाना बदलला. संस्थेनं अचानक आंतरराष्ट्रीय व्हायचं ठरवलं. फ्रेंच आणि स्पॅनिशचे वर्ग सुरू झाले, दारावर मोठा फलक आला. आणि एका सकाळी बघते तर नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एक प्रचंड रंगीत झाड. बुंध्यावर क्लाविस. फांद्यांवर कियावे, क्ले, यावे, केये, चावे. सरांनी काढलेलंच झाड. कुठल्यातरी जुन्या मोबाइलच्या फोटोवरून घेतलं असणार, कारण फांद्यांची वळणंसुद्धा तीच. खाली सोनेरी अक्षरांत: 'शब्दवृक्ष. संकल्पना: माननीय कार्यवाह'.

आणि ती लांब फांदी नव्हती. चावे होती, तिथून पुढं आकाश होतं, निळं. मराठीची फांदी तेवढी छाटलेली.

मी कार्यवाहांना विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं. ते म्हणाले, "बाई, हे इंटरनॅशनल विंगचं आहे. त्यात मराठी कशाला?"

ज्या माणसानं परकीय म्हणून चावीवर फुली मारली होती, त्यानंच आता पुरेशी परकीय नाही म्हणून तिला काढलं होतं. मी सरांच्या घरी जाऊन हे सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते म्हणाले, "रंग ऑइल पेंट आहे का?"

दिवाळीच्या सुट्टीत ते शाळेत आले. हातात हिरव्या रंगाचा डबा, ब्रश, खांद्यावर पंचा. पंच्याहत्तरीच्या आसपासचे असतील. मी उत्तरपत्रिका तपासायला आले होते. वॉचमन नवा होता, म्हाताऱ्या सरांना बघून त्यानं स्वतःच स्टूल आणून दिलं. सर स्टुलावर चढले, स्टूल मी धरलं. चावेच्या फांदीपासून त्यांनी हळूहळू एक फांदी काढत नेली. फांदी जरा वाकडीतिकडी आली. टोकाला पानं काढली आणि लिहिलं: चावी. खाली: मराठी. उतरून लांब जाऊन बघितलं, परत चढले आणि वेलांटी जरा मोठी केली.

संध्याकाळ व्हायच्या आत कार्यवाह आले आणि त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. शाळेच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण. सरांना आणि मला बोलावणं आलं.

पोलीस ठाण्यात एक तरुण अधिकारी होता. त्याला सगळा प्रकार ऐकून काय करावं ते कळेना. "आजोबा, नक्की लिहिलं काय तुम्ही?"

"चावी."

"बस?"

"आणि खाली मराठी."

अधिकाऱ्यानं कार्यवाहांकडे बघितलं. कार्यवाह म्हणाले, "यांनी लेखी माफी मागावी. विषय संपला."

"मागतो," सर म्हणाले. मला धक्काच बसला. "आधी ग्लोरियाची माफी मागा. मग मी लगेच लिहून देतो."

"कोण ग्लोरिया?"

मला वाटतं, एवढ्या वर्षांत मला कुठल्याच वाक्याचा इतका संताप आला नसेल. कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दारापाशी एक माणूस उभा होता. बातमी अर्नाळ्याच्या कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली होती. केस पांढरे झालेले, तरी मी ओळखलं. ग्लोरियाचे वडील. ते आत आले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, माझी पोरगी. दोन वर्सं शाळेत बोलली नाय. नवीन शाळेत पन नाय. घरी बोलायची, बाहेर कोनी आला की गप. आता पुन्याला असते, नोकरी हाय, बरं चाललंय. पन शाळेचं नाव काढलं की उठून जाते." मग कार्यवाहांकडे वळले. "मी आलो होतो तवा तुम्ही आत होता. पंख्याखाली. मना दिसत होता."

कार्यवाह म्हणाले, "हे बघा, त्या वेळी काय झालं असेल त्याचा आत्ता काय संबंध?"

"भिंतीवर सरांनी लिवलं ना, तो शब्द माझ्या घरातला हाय," ते म्हणाले. "तक्रारीत सरांचं नाव लिवताय तर माझं पन लिवा."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. तो कार्यवाहांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि तक्रार मागे घेतली गेली. माफी कुणीच मागितली नाही. बाहेर आल्यावर सर आणि ग्लोरियाचे वडील एकमेकांसमोर उभे राहिले.  वडील म्हणाले, "सर, बोंबील आनलेत थोडे. सुके." आणि पिशवी त्यांच्या सायकलच्या हँडलला अडकवून निघून गेले.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती भिंत पांढरी होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नवा चुना. झाड नाही, सोनेरी अक्षरं नाहीत, काही नाही. एक फांदी खोडायची तर तिथं डाग दिसला असता, लोकांनी विचारलं असतं. म्हणून सगळंच पुसलं.

मी तडक सरांच्या घरी गेले. ओटीवर तीन मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं.

"पूर्ण झाड?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

"कियावे, क्ले, यावे?"

"सगळं, सर."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मुली माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"म्हणजे अर्नाळ्याची एक पोरगी भिंतीवर राहू नये," सर म्हणाले, "म्हणून त्यांनी अख्खं रोम पाडलं."